सातव्या सदऱ्याची बाही

“आणि मी गायचं कधी?”

आनेग्रेटने स्वरलिपीचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळलं होतं आणि मिटून पियानोवर ठेवलं होतं.

“शेवटी,” बाई म्हणाल्या.

“शेवटी म्हणजे शेवटच्या प्रवेशात?”

“शेवटच्या पानावर.”

“तिथं एकच ओळ आहे.”

“हो.”

“दोन शब्दांची.”

“मोजलेत वाटतं.”

आनेग्रेट गप्प बसली. पण ते गप्प बसणं कसलं, नाक फुगवणंच ते...

बाई म्हणजे वाल्बुर्गा टीमान. जर्मनीत निडरब्रुक म्हणून नदीकाठचं एक लहानसं गाव. तिथल्या त्या एके काळच्या नामवंत गायिका. आता वय झालं होतं, गाणं शिकवत. शिष्य त्यांना ‘फ्राऊ प्रोफेसर’ म्हणत. आपण बाईच म्हणू, तोंडात बसतं.

आनेग्रेट त्यांची सर्वांत गुणी शिष्या. गुणी होती आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. गावच्या नाट्यगृहात ती नेमणुकीची गायिका होती. तिचा आवाज वर चढू लागला की मागच्या रांगेत पेंगणारे आजोबासुद्धा ताठ बसत. नाकावर माशी बसू द्यायची नाही, हा तिचा दुसरा गुण.

तिकडे एक पद्धत आहे. नाताळच्या आधीचे काही आठवडे, परीकथेवर बेतलेला एखादा छोटा ऑपेरा लावायचा. ऑपेरा म्हणजे सगळं गाण्यातच बोलायचं. दार लावून घे, हेसुद्धा गाऊनच सांगायचं. त्या वर्षी निडरब्रुकच्या लोकांनी आपल्याच गावातल्या, कधीच मातीआड गेलेल्या एका संगीतकाराचा पाऊण तासाचा ऑपेरा काढला होता. नाव ‘मुकी बहीण’.

गोष्ट जुनी आहे. तिकडच्या आज्या सांगतात.

सात भाऊ आणि एक बहीण. सावत्र आईच्या शापानं भाऊ करकोचे होऊन उडून गेले. बहिणीला उःशाप मिळाला तो असा: हात लावला की आग होते अशा रानझुडपाचं सूत काढायचं, त्याचे सात सदरे शिवायचे आणि सातही शिवून होईपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही. एक शब्द निघाला की भाऊ मेले.

बहीण शिवत राहिली. वर्षं गेली. एका राजानं तिला पाहिलं आणि लग्न करून घरी नेलं. सासू म्हणाली, ही बोलत नाही, ही चेटकीण आहे. झालं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. शेवटी तिला जाळायला म्हणून सरणावर उभं केलं, तरी ही शिवतेच आहे. तेवढ्यात आभाळातून सात करकोचे उतरले. तिनं सदरे त्यांच्या अंगावर फेकले. सहा भाऊ सबंध माणसं झाले. सातव्या सदऱ्याची डावी बाही लावायची राहिली होती, म्हणून धाकट्याला डाव्या हाताच्या जागी पंखच राहिला.

ऑपेरात तो धाकटा भाऊ चार ओळी गातो. पक्षी होऊन इतकी वर्षं गेली की तो सगळं विसरला आहे. शेवटच्या ओळीत तो विचारतो, “कोण तू?”

आणि बहीण पहिल्यांदा तोंड उघडते. “तुझी बहीण.”

पडदा.

आपल्याकडच्या संगीत नाटकात नायिकेला दोनच शब्द दिले असते, तर लोकांनी तिकिटाचे पैसे मागितले असते. पण ते दोन शब्द असे बांधले होते की आवाज खालून उठून एकदम शिखरावर जाई आणि तिथं थांबे. सबंध पाऊण तास लोक त्या सुराची वाट बघत.

बाईंनी तरुणपणी हीच बहीण केली होती. त्यांचा तो सूर गावात अजून आठवत होता. बेकरीवाला सांगे, न्हावी सांगे, चर्चमधली घंटा वाजवणारा सांगे. काय सूर लागला होता म्हणून सांगू... ऑपेरात त्याच्या मागंपुढं काय घडतं, हे मात्र त्यांतल्या एकालाही धड सांगता येत नसे.

*

“गप्प बसायला काय शिकायचं असतं?” आनेग्रेटने विचारलं.

बाईंनी शिवणाच्या डब्यातून दोरा काढला. दोऱ्यात एक पांढरं बटण ओवलं. तो दोरा आनेग्रेटच्या गळ्याभोवती सैल बांधला. बटण बरोबर कंठावर आलं.

“आता शिवा.”

आनेग्रेटने ऑपेरातला सदरा मांडीवर घेतला. बाई पियानोवर बसल्या आणि राजाचं गाणं वाजवू लागल्या. मग सासूचं. मग गावकऱ्यांचं. अधूनमधून मान वळवून बघत.

“तुम्ही गाताय,” त्या म्हणाल्या.

“मी तोंडही उघडलं नाही.”

“बटण उडतंय.”

आनेग्रेटने समोरच्या आरशात पाहिलं. बटण खरंच उडत होतं. राजाच्या गाण्यावर, राजाच्या ठेक्यात. सासूच्या ताना आल्या की सासूसारखं थरथरत होतं.

गाणाऱ्या माणसाचा हा रोगच आहे. कानावर सूर पडला की गळा मनातल्या मनात गाऊ लागतो. आनेग्रेटला तर एकदा ऐकलेलं सगळं पाठ होई. आठवड्याभरात तिला अख्खा ऑपेरा येत होता, फक्त तिनं गायचा नव्हता.

“पुन्हा,” बाई म्हणाल्या.

पुन्हा बटण उडालं.

“पुन्हा.”

असे किती दिवस गेले कोण जाणे. बाहेर झाडांची पानं झडून गेली. आनेग्रेट शिवत होती, बाई वाजवत होत्या, बटण उडत होतं.

एकदा बाईंनी मधेच हात थांबवला.

“ती बहीण मुकी आहे का?”

“नाही.”

“मग?”

“बोलू शकते. बोलत नाही.”

“कुणासाठी?”

“भावांसाठी.”

“आणि तुम्ही?”

आनेग्रेटने मान खाली घालून पुढचा टाका घातला. पण तिच्या मनात तो शेवटचा सूर उभा राहिला आणि बटण टुणकन उडालं.

बाई पुन्हा वाजवू लागल्या.

*

तो सूर मनातून जाणार तरी कसा? त्या सुरावर तिचं सगळं टांगलेलं होतं.

हा मोसम संपला की निडरब्रुकचं नाट्यगृह गायक कमी करणार होतं. आनेग्रेटचं नाव राहणार नव्हतं, तिला तसं तोंडावर सांगितलं होतं. मात्र एका मोठ्या शहरातल्या ऑपेरागृहाचे प्रमुख तिला ऐकायला येणार होते. त्यांना एकच दिवस जमत होता, शेवटच्या प्रयोगाचा. रविवार दुपार. त्यांनी निवडलं, तर पुढचा जन्म मोठ्या रंगमंचावर. नाही निवडलं, तर एखाद्या शाळेत मुलांकडून प्रार्थना बसवून घ्यायच्या.

“दोन शब्दांत ते काय ऐकणार?” तिनं बाईंना विचारलं.

“जेवढं असेल तेवढं.”

“तुमच्या वेळी तुम्हाला त्या दोन शब्दांवरच मोठ्या शहरात बोलावलं होतं ना?”

“हो.”

“मग मलाही बोलावतील.”

“बोलावतीलही,” बाई म्हणाल्या. “सुईत दोरा ओवा. संपलाय.”

आता या सदऱ्याचं सांगायला हवं.

निडरब्रुकच्या नाट्यगृहाचा रिवाज असा होता की सहा सदरे कपडेपटातून मिळत, पण सातवा सदरा बहिणीचं काम करणारीनं स्वतः शिवायचा. रंगमंचावरही ती खोटं खोटं शिवत नसे. हातात खरी सुई असे. आणि त्या सदऱ्याची डावी बाही लावायची नाही. ती वेगळी राहायची.

आनेग्रेटला अर्धवट काम बघवत नसे. शिवणातसुद्धा तिचा हात तयार होता. एका संध्याकाळी तिनं घरी बसून ती बाही लावून टाकली. टाके असे बारीक की शोधून सापडू नयेत. दुसऱ्या दिवशी तिनं सदरा बाईंपुढं धरला.

बाईंनी तो उजेडात नेला. नीट पाहिला. मग कात्री घेतली आणि एकेक टाका उसवत बाही वेगळी केली. बाहीची घडी करून कपाटाच्या खणात ठेवली.

“चांगली लागली होती,” आनेग्रेट म्हणाली.

“फार चांगली.”

“मग?”

“गोष्टीत ती का राहिली होती?”

“तिला वेळ मिळाला नाही म्हणून.”

“असेल,” बाई म्हणाल्या.

कपाट उघडं होतं. आत खुंटीवर एक जुना सदरा टांगलेला आनेग्रेटला दिसला. पिवळा पडला होता. त्यालाही डावी बाही नव्हती.

“हा तुमचा?”

“माझा.”

“त्याची बाही कुठं आहे?”

“मला कुणी ‘लावा’ म्हटलं नाही,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी कपाट बंद केलं.

*

धाकट्या भावाचं काम ओटकार लिंडेगर करीत.

हा धाकटा भाऊ साठीला टेकला होता. जन्मभर त्याच नाट्यगृहात गायलेला माणूस. मोठं नाव कधी झालं नाही, पण गावात सगळे मान देत. आवाज आता कापडासारखा झिरझिरीत झाला होता, पण खरा होता. फक्त शब्द दगा देत. ऐन वेळी एखादी ओळ हातातून निसटे आणि लिंडेगर तोंड उघडं ठेवून त्या निसटल्या ओळीकडे बघत राहत.

तिकडे रंगमंचाच्या पुढच्या कडेला एक पेटी असते. तीत बसून कुणी तरी नटांना शब्द पुरवतं. पण लिंडेगर उभे असत सरणाच्या लाकडांवर, मागच्या बाजूला. तिथून ती पेटी दिसत नसे.

आनेग्रेटला हे खपणं शक्यच नव्हतं. त्यांची ओळ पडली की तिच्या सुराचं मातेरं होणार होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं तिचं नसे. ती विचार करून बोले आणि म्हणून जास्त लागे.

“त्यांना बदला,” तिनं नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांना सांगितलं. “त्यांच्याच भल्यासाठी म्हणतेय मी.”

व्यवस्थापकांनी लिंडेगरना बोलावून घेतलं. हा मोसम त्यांचा शेवटचाच होता. मोसमाच्या अखेरीस गाव त्यांचा समारंभ करून निरोप देणार होतं. आणखी एकदा ओळ पडली, तर उद्यापासून दुसरा माणूस उभा करू, समारंभाचं मग बघू, असं व्यवस्थापक म्हणाले.

लिंडेगर बाहेर आले तेव्हा आनेग्रेट जिन्यात उभी होती. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी टोपी काढून तिला नमस्कार केला आणि खाली उतरून गेले.

हे तिनं बाईंना सांगितलं. सांगताना ती थोडी ऐटीतच होती.

“त्यांच्या चार ओळी तुम्हाला येतात का?” बाईंनी विचारलं.

“येतात. उलट्या म्हणून दाखवू?”

“नको. सुलट्याच लक्षात ठेवा.”

*

प्रयोग सुरू झाले. बरे चालले. लिंडेगर दोनदा अडखळले, पण सावरले. आनेग्रेटचा सूर दर वेळी लागला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत. बेकरीवाला म्हणाला की बाईंच्या तोडीचा आहे.

“लागला ना?” प्रत्येक प्रयोगानंतर ती बाईंना विचारी.

“लागला.”

“मग तुम्ही काही बोलत का नाही?”

“लागला म्हटलं की.”

शेवटचा रविवार उजाडला. पाहुणे आले. उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. तिसऱ्या रांगेत बसले. बाई त्यांच्या पुढच्या रांगेत होत्या, पण त्यांनी वळून पाहिलं नाही.

पडद्यामागं आणखी एक रिवाज आहे. प्रयोगाआधी एकमेकांच्या डाव्या खांद्यावरून तीनदा थुंकल्यासारखं करायचं. आपल्याकडे दृष्ट काढतात तसलंच. आणि त्यावर धन्यवाद म्हणायचं नाही, म्हटलं की सगळं फिसकटतं.

लिंडेगर पंख सांभाळत आले आणि त्यांनी तिच्या खांद्यावरून थू थू थू केलं.

“आज तुमचा दिवस आहे,” ते म्हणाले.

आनेग्रेट धन्यवाद म्हणाली नाही. तिला त्यांच्या खांद्यावरून करायचं सुचलंही नाही. ती मनातल्या मनात सूर लावून बघत होती.

ऑपेरा सुरू झाला. ती शिवत राहिली. राजा गायला, सासू गायली, गावकरी गायले. सरण रचलं गेलं. ती लाकडांवर चढली. करकोचे उतरले. तिनं सदरे फेकले. सहा भावांनी मिळून गाऊन घेतलं.

मग वाद्यं खाली आली. धाकट्याची वेळ.

लिंडेगर उभे होते. उजवा हात हवेत, डावीकडे पांढरा पंख. वाद्यांनी वाट करून दिली. त्यांनी तोंड उघडलं.

काही आलं नाही.

आनेग्रेटनं त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. घरातलं सगळं सामान हलवल्यावर खोली दिसते तसे ते डोळे दिसत होते. पहिली ओळ नव्हती, दुसरी नव्हती, एकही ओळ नव्हती. आणि भीती होती. तिला त्या माणसाची एकदम दया आली. अशी दया तिला याआधी कुणाची आली नव्हती, आणि तिला ती मुळीच नको होती.

गाणाऱ्या माणसाला पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवतात: प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही. पाठीला आवाज नसतो.

तिनं पाठ फिरवली. गावाकडे, पाहुण्यांकडे, तिसऱ्या रांगेकडे. धाकट्या भावाच्या पंखात तोंड लपवलं, लोकांना वाटावं की बहीण भावाला भेटते आहे. आणि त्यांच्या कानात पहिली ओळ सांगितली.

लिंडेगर गाऊ लागले.

तिनं दुसरी सांगितली. तेही गायले. त्यांचा झिरझिरीत आवाज त्या दिवशी विलक्षण गोड लागत होता. कदाचित रोजच तसा असेल, तिनं तो इतक्या जवळून कधी ऐकला नव्हता.

पण उशीर झाला होता. वाद्यं पुढं गेली होती. वाद्यवृंदाचे संचालक फोगेलर थांबता येईल तेवढं थांबले, पण वाहतं पाणी किती अडवणार? लिंडेगर तिसऱ्या ओळीत होते आणि वाद्यं तिच्या सुराच्या दाराशी येऊन पोचली.

तिनं चौथी ओळ कानात सांगितली आणि ती वळली.

फोगेलरांची छडी तिच्याकडे उठलेली होती.

तिनं श्वास भरला. छाती भरून, पोट भरून. सूर गळ्यात तयार होता. पाहुणे पुढं वाकले होते, तेही तिला दिसलं. लिंडेगर अजून गात होते. तिनं आता आवाज काढला असता, तर म्हाताऱ्याचा तो आवाज तिच्याखाली दिसेनासा झाला असता. कुणाला कळलंही नसतं की त्यांनी काही विचारलं होतं.

छडी पुन्हा हलली.

आनेग्रेटनं श्वास सोडून दिला.

वाद्यं तिच्या जागेवरून पुढं निघून गेली. त्यांच्यावरून लिंडेगरांचा आवाज आला, “कोण तू?”

आणि पडदा पडला. त्या दिवशी ऑपेरा प्रश्नावरच संपला...

टाळ्या जरा उशिरानं सुरू झाल्या.

*

फोगेलर वर आले ते लाल होऊन.

“काय झालं?”

आनेग्रेट गप्प.

“शब्द विसरलात? दोनच तर होते.”

गप्प.

“आवाज बसला? बरं नाही का? काही तरी सांगा. मी छडीनं खूण केली होती की नाही?”

दारात पाहुणे ओव्हरकोट चढवत होते. उत्तर ऐकायला म्हणून तेही थांबले. माणूस वाईट नव्हता. एखादं बरंसं कारण मिळालं असतं, तर त्यांनी तिला आणखी एकदा ऐकलं असतं. आनेग्रेटला ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. कारण तिच्या जिभेवर होतं. एका वाक्यात मावलं असतं.

पलीकडे व्यवस्थापक लिंडेगरांच्या पाठीवर थाप मारत होते.

“आज सुरेख गायलात. आता समारंभाला हेच गायचं.”

लिंडेगर त्यांना बाजूला सारून इकडे आले. तोंड पांढरं पडलेलं.

“फोगेलरसाहेब, मला सांगायचंय. त्याचं असं झालं...”

आनेग्रेटनं खुर्चीवरचा त्यांचा मफलर उचलला आणि त्यांच्या गळ्याभोवती गुंडाळला. चांगला दोन वेढे देऊन.

“बाहेर गार आहे,” ती म्हणाली. “गळा जपा.”

लिंडेगर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांची बायको त्यांना हाताला धरून घेऊन गेली.

“मी काही तरी विचारलं,” फोगेलर म्हणाले.

ती नुसती उभी राहिली.

“उद्दामपणा आहे हा,” फोगेलर म्हणाले.

पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. गाडीची वेळ झाली होती. त्यांनी टोपी घातली, मान लववली आणि गेले.

आनेग्रेट घरी जाऊन पुष्कळ रडली. तिला भयंकर राग आला होता. कधी त्या म्हाताऱ्याचा, कधी फोगेलरांचा, तर कधी स्वतःचा. त्या जुन्या संगीतकाराचासुद्धा, कारण त्यानं आणखी चार ओळी लिहिल्या असत्या तर काय बिघडलं असतं? रडून झाल्यावर तिनं सदऱ्याची घडी घातली.

*

सकाळी ती बाईंकडे गेली.

बाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. तिनं ओव्हरकोट काढला आणि ती सदरा मांडीवर घेऊन नेहमीच्या खुर्चीत बसली.

बाई उठल्या. शिवणाच्या डब्यातून दोऱ्यात ओवलेलं ते पांढरं बटण काढलं. तिच्या गळ्याभोवती दोरा बांधला. मग पियानोवर बसून त्यांनी धाकट्या भावाच्या चार ओळी वाजवल्या. हळू, पहिल्यापासून शेवटपर्यंत. शेवटी बहिणीच्या दोन शब्दांचे सूर वाजवले आणि हात मांडीवर घेतले.

त्यांनी वळून पाहिलं.

“काल गायला नाहीत.”

“नाही.”

“का?”

...

रस्त्यावरून दुधाची गाडी गेली. स्वयंपाकघरात कॉफी उकळून तिचा वास आला. बाई वाट बघत होत्या. त्यांना घाई नव्हती.

आनेग्रेट त्यांच्याकडे सरळ बघत होती. डोळे सुजले होते. सांगितलं असतं, तर बाईंनी ते जगात कुणाला सांगितलं नसतं. हे तिला ठाऊक होतं.

“का?” बाईंनी पुन्हा विचारलं.

...

बाई उठून जवळ आल्या. चष्मा नाकावर चढवला. खाली वाकून त्यांनी बटणाकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिल्या.

बटण हललं नाही.

त्यांनी दोरा सोडला. मग कपाट उघडलं. खुंटीवरचा पिवळा पडलेला सदरा एका हातानं बाजूला केला आणि खणातून त्या दिवशी उसवून ठेवलेली बाही काढली. ती त्यांनी आनेग्रेटच्या मांडीवर ठेवली. वर सुई ठेवली.

“लावा,” बाई म्हणाल्या.